बालशिक्षिकांचा शेजारधर्म



बालशिक्षणाचा इतिहास सांगावयास बसलें म्हणजे आपण बहुधा प्रवर्तकांचीं नांवें सांगतों, संस्थांच्या स्थापनेचीं सालें सांगतों आणि साधनांचें वर्णन करून थांबतों. ज्या शिक्षिकेनें रोज सकाळीं दार उघडलें, चटया पसरल्या, पंचवीस मुलांचीं नाकें पुसलीं, आणि दुपारीं दार लावून घेतांना 'आज आपलें कोठें बिनसलें' असा प्रश्न स्वतःस विचारला, तिच्या त्या प्रश्नाला उत्तर कोणीं दिलें, हें मात्र फारसें कोणी लिहून ठेवीत नाहीं. माझ्या आजच्या भाषणाचा विषय तोच आहे. माँटेसरी पद्धतीनें लहान मुलांस शिकविणाऱ्या आमच्या शिक्षिकांनीं एकमेकींस कसें सांभाळलें, थोरलीनें धाकटीला कसें हाताशीं धरलें, आणि ह्या शेजारधर्मावांचून ती पद्धति मराठी मुलखांत टिकली असती काय, एवढ्याच गोष्टीचा विचार मला करावयाचा आहे.

मी स्वतः माँटेसरी शिक्षक नव्हें. जुन्या अकरावीचा मॅट्रिक, पुढें दोन वर्षांचा अध्यापनाचा अभ्यासक्रम, आणि मग कॉटन ग्रीनच्या परिसरांतील प्राथमिक शाळेंत सारी नोकरी, एवढीच माझी विद्वत्ता. परंतु बालवाडींतून बाहेर पडलेलें मूल ज्याच्या पुढ्यांत येऊन बसतें तो पहिली-दुसरीचा मास्तर मी होतों, आणि त्या जागेवरून कांहीं गोष्टी फार स्पष्ट दिसतात.

शिक्षकाचा धंदा मोठा एकाकी आहे. सुताराचा पोर सुताराजवळ बसून रंधा धरावयास शिकतो. गिरणींत नवा आलेला बदली कामगार जुन्या माणसाच्या बाजूस उभा राहून तुटलेला धागा जोडावयास शिकतो. इस्पितळांतील नवी परिचारिका जुनीच्या मागून फिरते. शिक्षकाला मात्र पहिल्याच दिवशीं एक खोली, एक फळा व पन्नास-साठ मुलें देऊन दार लोटून घेतलें जातें. शेजारच्या वर्गांत काय चाललें आहे तें भिंतीपलीकडच्या आवाजावरून कळेल तेवढेंच. एकोणिसाव्या शतकांतील खेड्यांतल्या मराठी शाळेंत तर पुष्कळदां एकच पंतोजी असे, आणि त्याच्या कामाकडे पाहणारा मनुष्य म्हणजे कधीं काळीं येणारा दिपोटी. दिपोटी येणार म्हटलें कीं शाळा सारवून निघे, मुलें धुतलेले सदरे घालून बसत, आणि मास्तरांच्या पोटांत गोळा उठे. साहेब आले, गुणदोष लिहून घेऊन गेले; दोष कसा सुधारावा हें सांगावयास ते मुक्कामाला राहत नसत. पाहणें आणि तपासणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आमच्याकडे तेव्हांपासून एक होऊन बसल्या, आणि आपल्या वर्गावर दुसऱ्याची नजर पडणें म्हणजे संकट, ही समजूत शिक्षकाच्या हाडांत शिरली.

ह्याला अपवाद नव्हते असें नाहीं. १८४८ सालीं पुण्यास मुलींची शाळा सुरू झाली तेव्हांपासूनच्या कामांत सावित्रीबाई फुले यांना फातिमा शेख यांची सोबत लाभली. १८५६ त आजारपणामुळें माहेरीं राहावें लागलें असतां सावित्रीबाईंनीं जोतीरावांस जें पत्र लिहिलें, त्यांत आपल्या पाठीमागें फातिमेला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाहीं, असा भाव आहे. एका शिक्षिकेनें दुसरीविषयीं बाळगलेली ही काळजी मला त्या साऱ्या चरित्रांत विशेष हृद्य वाटते. पुढें कृष्णशास्त्री व विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनीं चालविलेलें 'शालापत्रक' हें दूरदूरच्या मास्तरांना जोडणारें एक सूत्र होतें. १८७५ त तें बंद पडलें. अशीं सूत्रें जुळत आणि तुटत.

आतां मूळ विषयाकडे वळतों. ६ जानेवारी १९०७ रोजीं रोम शहरांतील सान लोरेंझो ह्या मजुरांच्या वस्तींत डॉ. मारिया माँटेसरी यांनीं आपलें पहिलें बालगृह उघडलें. आज माँटेसरी म्हटलें कीं गुळगुळीत लाकडी साधनें आणि भरभक्कम फी डोळ्यांपुढें येते. परंतु मूळचें घर चाळींतलें होतें. आईबाप कामावर गेले म्हणजे लहान मुलें जिन्यांत धुडगूस घालीत, भिंती खराब करीत. म्हणून इमारतींच्या चालकांनीं त्यांना एका खोलींत सांभाळण्याची सोय केली आणि तें काम ह्या डॉक्टरबाईंकडे सोपविलें. मुलांजवळ राहावयास जी बाई नेमली ती शिक्षिकेच्या धंद्याचें रीतसर शिक्षण घेतलेली नव्हती. मुलांवर कांहीं लादावें अशी अपेक्षाच तिच्याकडून नव्हती. साधनें द्यावीं, आणि काय घडतें तें पाहून सांगावें, इतकेंच. तेथेंच डॉक्टरबाईंनीं ती प्रसिद्ध गोष्ट पाहिली: तीन वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळ्यांतील गोल दट्टे काढून पुन्हा त्यांच्या त्यांच्या भोंकांत बसविण्याचा उद्योग चाळीसांहून अधिक वेळां करीत राहिली, आणि भोंवतीं इतर मुलांचें गाणें सुरू करूनहि तिचें लक्ष ढळलें नाहीं. ह्या पद्धतीचा आरंभ अशा पाहण्यांतून झाला, आणि त्या पाहण्यांत एक शिकलेली व एक न शिकलेली अशा दोन बायांचा वांटा होता. पद्धतीचा अर्थ मला ह्या जोडींत सांपडतो.

सान लोरेंझोचें वर्णन वाचतांना मला नेहमीं आमचा कॉटन ग्रीनच आठवतो. हें नांव मोठें गमतीचें आहे. मुंबईच्या कोटांत सेंट थॉमसच्या देवळासमोर जें मोकळें हिरवें मैदान होतें तेथें पूर्वी कापसाच्या गांठी उतरत. पुढें तो बाजार कुलाब्याला गेला, आणि विसाव्या शतकांत शिवडीकडच्या भराव घातलेल्या जमिनीवर आला. बाजार हलला तसें नांवहि त्याच्याबरोबर चालत आलें, आणि जेथें हिरवळीचा मागमूस नाहीं अशा गुदामांच्या मुलखाला 'ग्रीन' म्हणण्याची पाळी लोकांवर आली. एका बाजूस बंदराचीं गुदामें, दुसऱ्या बाजूस काळाचौकी, लालबाग, परळच्या गिरण्या, आणि मधल्या पट्ट्यांत चाळी. दहा बाय बाराच्या खोलींत एक संसार व कोंकणांतून आणि घाटावरून आलेले दोन-चार पाहुणे. बाप रात्रपाळीचा, म्हणून दिवसा झोपलेला. मुलानें आवाज करावयाचा नाहीं. तें मूल जाईल कोठें? जिन्यांत. जिना तर रोमचा काय आणि मुंबईचा काय, सारखाच.

ही पद्धति आमच्याकडे आली ती मात्र रोमहून थेट मुंबईच्या बंदरांत उतरली असें नाहीं. ती काठेवाडांतून आली. वढवाणचे एक वकील, गिजुभाई बधेका, हे वकिली सोडून १९१६ सालीं भावनगरच्या दक्षिणामूर्ति ह्या संस्थेंत दाखल झाले, आणि १९२० त त्यांनीं तेथें बालमंदिर सुरू केलें. गिजुभाईंनीं युरोपांत जाऊन शिक्षण घेतलेलें नव्हतें. हातांत माँटेसरीबाईंचें पुस्तक, समोर मुलें, आणि शंका विचारावी तर जवळपास जाणता कोणी नाहीं, अशी त्यांची स्थिति होती. तिची कल्पना ज्यांनीं नव्या वर्गावर पहिला महिना काढला आहे त्यांना सहज येईल.

गिजुभाईंचा एकांतवास मोडला तो ताराबाई मोडकांनीं. ताराबाई मूळच्या मुंबईच्या, १८९२ त जन्मलेल्या. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थनासमाजाचे. १९१४ त त्या पदवीधर झाल्या. पुढें राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या त्या मुख्याध्यापिका होत्या; म्हणजे शिक्षिका तयार करण्याचें काम त्यांच्या हातचें होतें. ती मानाची जागा सोडून १९२३ च्या सुमारास त्या भावनगरास आल्या आणि जवळजवळ नऊ वर्षें तेथें राहिल्या. ह्या दोघांनीं मिळून लिहिलें, मिळून शिकविलें, आणि एकमेकांच्या कामाची चिकित्सा केली. दोघांच्या वयांत फार अंतर नव्हतें. गुरुशिष्याचें नातें तेथें पुरतें लागू पडत नाहीं. सहकारी हाच खरा शब्द.

१९२५ सालीं भावनगरास माँटेसरी संमेलन भरलें, बालशिक्षकांस तयार करणारें अध्यापन मंदिर त्याच सुमारास उभें राहिलें, आणि १९२६ त 'नूतन बाल शिक्षण संघ' स्थापन झाला. संघाच्या नांवांत 'माँटेसरी' हा शब्द नाहीं, ही गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. त्यांत 'संघ' हा शब्द आहे. प्रथम गुजरातींत, मागाहून मराठींत व हिंदींत 'शिक्षणपत्रिका' निघूं लागली. मराठी पत्रिकेचें संपादन ताराबाईंनीं केलें. वर्षाकांठीं एखादें संमेलन व महिन्याला एक पातळसें मासिक, हें आजच्या दृष्टीनें फार थोडें वाटेल. परंतु जिच्या गांवांत दुसरें बालमंदिर नाहीं, जिची शाळा पाहून शेजारपाजारचे लोक 'बाई मुलांना खेळवतात आणि पैसे घेतात' असें म्हणतात, तिच्या दृष्टीनें तें मासिक म्हणजे माहेरचें पत्रच होय. आपण वेड्या नाहीं, एवढें तरी त्यानें कळे.

प्राथमिक शिक्षकाला मात्र असा संघ नव्हता, आणि गिजुभाईंना तें दिसत होतें. त्यांच्या 'दिवास्वप्न' ह्या पुस्तकांत सरकारी शाळेच्या चौथीच्या वर्गावर वर्षभर प्रयोग करणारा मास्तर रंगविला आहे. त्याला वरिष्ठ अधिकाऱ्याची परवानगी मिळते. पण बाकीचे मास्तर प्रथम त्याची थट्टाच करतात. मीं तें पुस्तक नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीं वाचलें. गोष्टी, खेळ, स्वच्छता ह्या भागांचें सर्वच वाचक कौतुक करतात. शिक्षकांच्या खोलींतील त्या हंशाकडे त्यांचें लक्ष जात नाहीं. वर्गांतील मुलांपेक्षां तो हंशा जिंकणें अधिक अवघड असतें.

१९३२ त ताराबाई मुंबईस परतल्या आणि १९३६ सालीं दादरच्या हिंदु कॉलनींत 'शिशुविहार' सुरू झाला. बालमंदिराबरोबर शिक्षिकांच्या तयारीचेंहि काम तेथें होऊं लागलें. मुलें व शिकाऊ शिक्षिका एकाच छपराखालीं असण्याचा लाभ असा कीं, नव्या बाईला कोपऱ्यांत बसून जुन्या बाईचें काम पाहतां येतें. माँटेसरी पद्धतींत ह्या मुकाट्यानें पाहण्याला फार महत्त्व आहे. पाहणाऱ्यानें बोलावयाचें नाहीं, मुलाला सुचवावयाचें नाहीं, बाईला खुणवावयाचें नाहीं. मुलानें काय उचललें, किती वेळ हाताळलें, कोठें सोडून दिलें, एवढेंच टिपून घ्यावयाचें. दिपोटीची नजर शिक्षकावर असे. ही नजर मुलावर असते. त्यामुळें जिच्या वर्गांत कोणी पाहावयास बसलें आहे तिला चोरट्यासारखें वाटत नाहीं. माझ्या मतें बालशिक्षणाकडून प्राथमिक शाळेनें घेण्यासारखी पहिली गोष्ट ही होती, आणि ती आम्हीं घेतली नाहीं. आम्हीं साधनांचीं चित्रें तेवढीं भिंतीवर टांगलीं.

दादरचें काम चांगलें होतें, परंतु त्याला मर्यादा होती. हिंदु कॉलनींतून कॉटन ग्रीनपर्यंत पायीं तासाभराची वाट. पण मध्यमवर्गाची वस्ती आणि चाळ ह्यांमधील अंतर पायांनीं मोजतां येत नाहीं. खर्चाची साधनें, शिकलेले पालक, नीटनेटकी जागा, हें सारें गृहीत धरलेली पद्धति गरिबाच्या मुलापर्यंत कशी न्यावी, हा प्रश्न ताराबाईंना बोचत राहिला.

दरम्यान खुद्द माँटेसरीबाई हिंदुस्थानांत आल्या. १९३९ च्या नोव्हेंबरांत थिऑसॉफिकल सोसायटीच्या आमंत्रणावरून त्या मद्रासजवळ अड्यारला उतरल्या. गिजुभाईंना जाऊन तेव्हां कांहीं महिनेच लोटले होते. त्याच वर्षाच्या जूनमध्यें मुंबईस त्यांचा अंत झाला होता. अड्यारच्या पहिल्या वर्गाला तीनशेंच्या आसपास माणसें जमलीं. बाई इटालियन भाषेंत बोलत आणि त्यांचे चिरंजीव मारिओ इंग्रजींत सांगत. १९४० च्या जूनमध्यें इटली युद्धांत उतरली, तेव्हां मारिओंना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून आमच्या अहमदनगरास स्थानबद्ध करण्यांत आलें, आणि बाईंच्या सत्तराव्या वाढदिवशीं, ३१ ऑगस्ट रोजीं, त्यांची सुटका झाली. पुढें कोडाईकनालच्या थंड हवेंत १९४२ पासून दोन वर्षें मायलेकांनीं सहा ते बारा वर्षांच्या मुलांच्या शिक्षणाचा विशेष विचार केला. त्या वयाच्या मुलाला विश्वाची, पृथ्वीची, माणसाच्या उद्योगांची मोठी गोष्ट सांगावी आणि तिच्या पोटांतून गणित, भूगोल, इतिहास निघावे, ही त्यांची कल्पना तेथें वाढली. म्हणजे माँटेसरीच्या प्राथमिक शिक्षणाचा पुष्कळसा भाग ह्याच देशांत घडला. परंतु त्याचा आमच्या प्राथमिक शाळांना स्पर्श झाला नाहीं, ह्याचें कारण काय?

एक कारण असें कीं, माँटेसरीबाई आपल्या पद्धतीच्या शुद्धतेविषयीं फार दक्ष असत. शिक्षिका तयार करण्याचा अधिकार त्यांनीं आपल्या हातांत व आपल्या निवडक माणसांच्या हातांत ठेवला. त्यांची बाजू मला समजते. अर्धवट समजलेली पद्धति भलत्याच रूपानें विकली जाते, हें त्यांनीं पाहिलें होतें. परंतु प्रमाणपत्रानें अधिकार येतो, सोबत येत नाहीं. वर्ग संपतो, बाई आपापल्या गांवीं जातात, आणि सहा महिन्यांनीं एखादें मूल साधनें फेकूं लागलें म्हणजे प्रमाणपत्राकडे पाहून काय होणार? संघाचा मार्ग निराळा होता. त्यांत थोडी भेसळ होती हें कबूल केलें पाहिजे. गिजुभाईंनीं मुलांसाठीं गोष्टींचीं पुस्तकेंच्या पुस्तकें लिहिलीं, आणि अगदीं लहान मुलांना परीकथा सांगण्याविषयीं माँटेसरीबाई साशंक होत्या. पण ती भेसळ दहा जणांनीं एकत्र बसून, करून पाहून, ठरविलेली होती.

ह्या मार्गाचें सर्वांत चांगलें उदाहरण बोर्डीचें. ठाणें जिल्ह्याच्या (आजच्या पालघर जिल्ह्याच्या) किनाऱ्यावरील ह्या गांवीं १९४५ च्या डिसेंबरांत ताराबाईंनीं ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलें. तेथें त्यांच्या जोडीस आल्या अनुताई वाघ. ताराबाई त्रेपन्न वर्षांच्या, अनुताई पस्तिशींतल्या. अनुताई मोरगांवच्या, लहानपणींच वैधव्य आलेल्या, शिकून मास्तरीण झालेल्या, आणि पुण्याच्या हुजूरपागेंत प्राथमिक वर्गांना बरींच वर्षें शिकविलेल्या. बालशिक्षणाचा त्यांना अनुभव नव्हता. होता तो आमच्यासारखा: पाटी, पाढे, हजेरीपट. एका बाजूला दोन तपांचा बालमंदिराचा अनुभव, दुसऱ्या बाजूला मराठी शाळेचा. थोरलीनें धाकटीला वर्षभर व्याख्यानें दिलीं आणि मग कामाला लावलें, असें झालें नाहीं. कामच दोघींना एकदम पुढें घेऊन गेलें.

काम तरी कसलें! मुलें येत नसत. जीं येत त्यांना आंघोळ घालणें, नखें कापणें, केस विंचरणें, खरूज धुणें, येथून आरंभ. इटालियन साधनें परवडणारीं नव्हतीं, म्हणून शंख-शिंपले, बिया, माती, बांबू ह्यांतून साधनें झालीं. पाड्यांवरचीं मुलें बालवाडीपर्यंत येत नाहींत असें दिसलें, तेव्हां बालवाडीच पाड्यावरच्या अंगणांत जाऊन बसली. अंगणवाडी हा शब्द तेथला, आणि १९७५ सालीं एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हां तो साऱ्या देशानें उचलला. १९५६-५७ च्या सुमारास केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथें लहानग्यांचें पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारांत आणण्याचा उद्योग झाला. गुरें राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठीं कुरणशाळा निघाली: मूल वर्गांत येत नसेल तर वर्ग कुरणांत न्यावा. एकाच आवारांत सारें असल्याचा जो अर्थ पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं तो हा कीं, बालवाडीची बाई आणि पहिलीची बाई एका विहिरीचें पाणी पीत. मूल बालवाडींतून पहिलींत गेलें म्हणजे त्याच्या सवयी, त्याची भीति, त्याची आवड दुसऱ्या बाईला सांगावयास पहिली बाई हजर असे.

अनुताईंचें मला मोठें नवल वाटतें तें असें कीं, त्या थोरल्या बाईंच्या सावलींत अठ्ठावीस वर्षें राहिल्या आणि तरी खुरटल्या नाहींत. १९७३ त ताराबाई गेल्या. पुढें एकोणीस वर्षें, १९९२ पर्यंत, अनुताईंनीं तें काम चालविलें, 'शिक्षणपत्रिका' सांभाळली, खेडोपाडींच्या बालसेविका तयार केल्या. 'कोसबाडच्या टेकडीवरून' हें त्यांचें आत्मकथन प्रत्येक शिक्षकानें वाचावें असें आहे. सोबत देणें म्हणजे दुसऱ्याला आपल्यासारखें करणें नव्हे, हें ताराबाईंना कळलें होतें असें त्यावरून दिसतें. असे थोरले विरळा.

आतां कॉटन ग्रीनकडे येतों. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आमच्या वर्गांतील बाक रिकामे होऊं लागले. कोणी कोंकणांत गेलें, कोणी साताऱ्याकडे. जीं मुलें राहिलीं त्यांचे बाप दिवसभर घरीं, आणि आया धुण्याभांड्याच्या किंवा पापडाच्या कामावर. त्या दिवसांत काळाचौकीच्या एका चाळींतील तालमीच्या खोलींत दोन बालवाडीच्या बाया व आम्ही दोघे-तिघे प्राथमिक शिक्षक शनिवारीं दुपारीं जमूं लागलों. बोलावणें त्या बायांचें होतें. त्यांतील थोरलीनें दादरला बालशिक्षणाचा अभ्यासक्रम केलेला होता. तिचा स्वतःचा यजमान संपावर होता. तिचें म्हणणें साधें होतें: आमच्याकडून तुमच्याकडे आलेलीं मुलें दोन महिन्यांत मुकीं कां होतात, तें एकदां येऊन पाहूं द्या.

प्रश्न झोंबणारा होता. आमच्यांतील एक गृहस्थ रागावून निघूनहि गेले. राहिलेल्यांनीं असें ठरविलें कीं, आठवड्यांतून एकदां कोणीतरी कोणाच्या तरी वर्गांत अर्धा तास बसावें, तोंड उघडूं नये, एकाच मुलाकडे पाहावें, आणि शनिवारीं तें टिपण वाचावें. टिपणांत मुलाचें नांव असे, शिक्षकाचें नसे. जें बोलावयाचें तें खोलीबाहेर जावयाचें नाहीं. माझ्या वर्गांत ज्या मुलीला मी मंद समजत असें ती फळा पुसला जाण्याच्या आंत उतरवून पुरें करूं शकत नाहीं, म्हणून रडकुंडीस येते, एवढें त्या बाईंनीं अर्ध्या तासांत पाहिलें.

दुसरें उदाहरण हातच्याचें देतों. माँटेसरीच्या गणितांत सोनेरी मणी असतात: एक सुटा मणी, दहा मण्यांची सळई, शंभराचा चौकोन, हजाराचा घन. सुटे दहा झाले कीं ते देऊन एक सळई घ्यावयाची. ते मणी आमच्याकडे कोठून येणार? पण गिरणींतल्या रिकाम्या बॉबिनी घरोघरीं पडलेल्या होत्या. त्या बाईंनीं सत्तावीस आणि पंधरा अशा बॉबिनी मांडावयास सांगितल्या. सुट्या सात आणि सुट्या पांच मिळून बारा झाल्या, त्यांतील दहांची सुतळीनें मोळी बांधून ती मोळ्यांच्या रांगेंत नेऊन ठेविली, दोन सुट्या उरल्या. मोळ्या किती? चार. बेचाळीस. 'हातचा एक' म्हणजे ही हातांत उचलून नेलेली मोळी, हें मुलांना त्या दिवशीं दिसलें. हा पाठ मला कोणत्याहि शिबिरांत मिळाला नाहीं. शेजारच्या खोलींत तो बाईंना ठाऊक होता, आणि आमच्यामध्यें एक भिंत होती.

सरकारला ही गोष्ट कळली नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. १९६४ ते १९६६ ह्या काळांत काम केलेल्या कोठारी आयोगानें शाळा-संकुलाची सूचना केली: एक माध्यमिक शाळा, तिच्या भोंवतालच्या प्राथमिक शाळा, आणि त्यांतील शिक्षकांनीं एकत्र येऊन एकमेकांचा एकलेपणा घालवावा. महाराष्ट्रांत पुढें केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख आले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें तीन ते आठ ह्या वयाचा एकच पायाभूत टप्पा मानला आहे आणि शिक्षकांना अनुभवी माणसांचें मार्गदर्शन मिळावें असेंहि म्हटलें आहे. शब्द सारे चांगलेच आहेत. अडचण अशी कीं, सभा वरून बोलाविली म्हणजे तिच्यांत परिपत्रकें वाचलीं जातात, तक्ते भरून द्यावे लागतात, आणि मूल बाजूला राहतें. अशा सभांतून मी अनेक वर्षें बसलों आहें. चहा बरा असे.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. बालवाडीच्या किंवा अंगणवाडीच्या बाईला आपण सेविका म्हणतों, पगाराऐवजीं मानधन देतों, आणि मग पहिलीच्या शिक्षकानें तिच्याकडून शिकावें अशी अपेक्षा धरतों. ज्या माणसाची खुर्ची खालीं ठेविली आहे त्याचा सल्ला वर कसा चढणार? ताराबाई व अनुताई ह्यांच्यामध्यें अनुभवाचें अंतर होतें, मानाचें नव्हतें. म्हणून देवघेव झाली. प्राथमिक शाळेच्या आवारांत बालवाडी भरवून हें अंतर आपोआप मिटेल असें ज्यांना वाटतें त्यांनीं मधल्या सुटींत दोघी बाया एका डब्यांत जेवतात कीं नाहीं तेवढें पाहावें.

आमचा शनिवारचा मेळ सात-आठ वर्षें चालला. संप कधींच संपल्यासारखा झाला होता. एकेक गिरणी बंद पडत गेली, माणसें विरार-कल्याणकडे पांगलीं. थोरल्या बाई मुलाकडे राहावयास गेल्या आणि मेळ विरला. टिपणांच्या दोन वह्या माझ्याकडे राहिल्या होत्या. त्या मीं अलीकडे आमच्याच वस्तींतल्या एका तरुण शिक्षिकेला दिल्या. चार पानें चाळून तिनें विचारलें, "गुरुजी, ह्यांत शिकविणाऱ्या बाईंचें नांव कोठेंच कसें नाहीं?" मीं सांगितलें कीं, नांव लिहिण्याचें ठरलें असतें तर दुसऱ्या आठवड्याला कोणींच कोणाला आपल्या वर्गांत बसूं दिलें नसतें.